लीजन म्हणजे सहा हजारच? वेगेटियसचा आकडा कुठवर मानायचा

रोमन सैन्याबद्दलचा एक मजकूर इतिहासप्रेमींमध्ये सतत फिरत असतो: ‘प्रत्येक लीजनमध्ये बरोबर सहा हजार सैनिक, प्रत्येक सेंच्युरियनच्या हाताखाली शंभर जण, आणि ही रचना शतकानुशतकं जशीच्या तशी. खुद्द रोमन सेनापती वेगेटियसनेच हे लिहून ठेवलंय.’ (लीजन म्हणजे रोमन सैन्यातली मुख्य मोठी तुकडी; सेंच्युरियन म्हणजे तिच्यातल्या ‘सेंच्युरी’ या छोट्या तुकडीचा अधिकारी.) यातलं एकही विधान तपासात टिकत नाही.

आधी साक्षीदार कोण ते बघू. वेगेटियसने कधी लढाई पाहिली होती, असा पुरावा नाही. त्याच्या नावावरचा दुसरा ग्रंथ आहे तो जनावरांच्या औषधोपचाराचा. लष्करावरचं लेखन त्याने इ.स. 383 नंतर आणि 450 च्या आत केलं. ज्या लीजनचं तो वर्णन करतो तिला तो स्वतःच ‘प्राचीन’ म्हणतो. केटो, सेल्सस, फ्रंटिनस, पॅटर्नस यांची पुस्तकं आणि ऑगस्टस, ट्राजन, हेड्रियन यांचे हुकूम वाचून माहिती गोळा केली, असंही तोच सांगतो. म्हणजे तीनशेहून जास्त वर्षांतल्या वेगवेगळ्या सैन्यांची माहिती एकाच चित्रात भरली गेली. शिवाय जुनी भरती, जुनी कवायत परत आणा, हे त्याला सम्राटाच्या गळी उतरवायचं होतं. अशा माणसाच्या लेखनात जुनं सैन्य भरभक्कम दिसणारच. आपल्याकडे बखरीतला आकडा कुणी हजेरीपटाइतका खरा धरत नाही. इथेही तोच नियम लावायला हवा.

आता आकडे. वेगेटियसच्या लीजनमध्ये 6100 पायदळ आणि 726 घोडेस्वार आहेत. ज्यू इतिहासकार जोसेफस मात्र लीजनमागे 120 घोडेस्वार सांगतो. हा माणूस इ.स. 67 मध्ये गॅलिलीत रोमनांविरुद्ध लढला आणि जेरुसलेमच्या वेढ्यात त्यांच्याच छावणीत होता. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस, जो स्वतः घोडदळाचा अधिकारी होता, नेहमीच्या लीजनमध्ये 4200 आणि संकटकाळी 5000 पायदळ देतो. त्यामुळे ‘जशीच्या तशी’ हा भाग इथेच गळून पडतो. शंभराचंही तेच. हायजिनसच्या नावावर असलेल्या छावणी-रचनेच्या पुस्तिकेत पूर्ण सेंच्युरी 80 जणांची आहे, एका तंबूत आठ.

हे झालं कागदावरचं. मैदानातली गोष्ट आणखी वेगळी. इ.स.पू. 48 मध्ये ग्रीसमधल्या फार्सालसच्या लढाईत, सीझरने स्वतः लिहिल्याप्रमाणे, त्याच्या 80 कोहॉर्टमध्ये (कोहॉर्ट म्हणजे लीजनचा दहावा भाग) मिळून 22,000 माणसं होती, म्हणजे कोहॉर्टमागे सरासरी 275. आपली फौज छोटी दाखवण्यात सीझरचा फायदा होता हे खरं, पण लगेच पुढे अलेक्झांड्रियात दोन लीजन मिळून 3200 जणच आले, हेही तोच लिहितो. बाकीचे जखमांनी आणि वाटचालीने थकून मागे राहिले होते.

सगळ्यात बोलका पुरावा ब्रिटनमधल्या व्हिंडोलांडा या रोमन ठाण्याचा, पहिल्या शतकाच्या अखेरचा. तिथली तुकडी लीजनची नव्हे, तर टुंग्रियन लोकांची सहायक कोहॉर्ट, म्हणजे लीजनबाहेरची मदतनीस तुकडी. लाकडाच्या पातळ फळीवर शाईने 18 मेची हजेरी लिहिली आहे: एकूण 752, त्यातले 456 बाहेर कामावर, जागेवर 296. त्यातही 15 आजारी, 6 जखमी, 10 जणांचे डोळे आलेले. लढायला धड असे 265. सहापैकी एकच सेंच्युरियन ठाण्यावर होता. ही नोंद कुणाला पटवण्यासाठी लिहिलेली नाही, म्हणून माझ्या लेखी तिचं वजन मोठं आहे.

पण म्हणून वेगेटियसला अडगळीत टाकायचं, हेही मला मान्य नाही. पहिली कोहॉर्ट इतरांच्या जवळपास दुप्पट, असं तो म्हणतो: 1105 विरुद्ध 555 पायदळ. हायजिनसच्या नावावरची पुस्तिकाही पहिली कोहॉर्ट दुप्पटच सांगते. आणि स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलला, पहिल्या शतकातल्या लीजनच्या किल्ल्यात, पहिल्या कोहॉर्टसाठी सेंच्युरियनांची पाच मोठी घरं आणि दुप्पट बराकी उत्खननात सापडल्या. पहिल्या कोहॉर्टबद्दल त्याचा शब्द मी निदान त्या काळापुरता घेईन. 726 घोडेस्वारांच्या बाबतीत असा आधार मिळेपर्यंत जोसेफसच्या बाजूने राहीन.