तळघरातली युनियन पॅसिफिक

कोलोरॅडोत घर घेतलं की बहुतेक वेळा तळघर पदरात पडतंच. आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींनी आपापल्या तळघरांत होम थिएटर केलंय, त्यात आता तांदळाची पोती असतात. कुणी ट्रेडमिल ठेवलीय, तिच्यावर टॉवेल वाळतात. मी तळघरात रेल्वे टाकली. एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, आणि तीही अमेरिकेच्या पश्चिमेकडचीच: युनियन पॅसिफिक, सांता फे, सदर्न पॅसिफिक, डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न. पूर्वेकडच्या न्यूयॉर्क सेंट्रलचं इंजिन कुणी फुकट दिलं तरी मी ते उंबऱ्याच्या आत घेणार नाही. माणसाला काहीतरी तत्त्व हवं.

बाहेरून बघणाऱ्याला हा एकच छंद वाटतो. प्रत्यक्षात इथे दोन वेगळे आजार एकाच रोग्याला झालेले असतात. एक जमवण्याचा, दुसरा चालवण्याचा. जमवण्याच्या आजारात फक्त पैसे जातात, त्यामुळे तो मी सुखाचा धरतो.

खरं तर तो आपोआप बरा व्हायला हवा होता. कारण ज्या कंपन्यांची इंजिनं मी जमवतो त्या एकामागून एक नाहीशा झाल्या. वेस्टर्न पॅसिफिक ऐंशीच्या दशकात युनियन पॅसिफिकच्या पोटात गेली. १९८८ मध्ये रिओ ग्रँड आणि सदर्न पॅसिफिक एका मालकाखाली आल्या आणि १९९६ मध्ये त्या दोघीही त्याच पोटात गेल्या. कंपन्या कमी म्हणजे रंग कमी, रंग कमी म्हणजे खर्च कमी, असा माझा भाबडा हिशेब. पण २००५-०६ मध्ये युनियन पॅसिफिकने काय केलं? गिळलेल्या सहा कंपन्यांच्या जुन्या रंगांत सहा कोरी डिझेल इंजिनं रंगवली आणि त्यांना विलीनीकरणाच्या सालांवरून क्रमांक दिले. सदर्न पॅसिफिकच्या रंगातल्या इंजिनाचा क्रमांक १९९६! ज्यांना खाल्लं त्यांचं असं थाटामाटात वर्षश्राद्ध घालणारी कंपनी मी त्याआधी ऐकली नव्हती. आणि श्राद्ध म्हटलं की सहाही पानं वाढावी लागतात. एखादं गाळून चालत नाही.

घरात नवं इंजिन आणायची एक युक्ती बरीच वर्षं चालली. युनियन पॅसिफिकची डिझेल इंजिनं सगळी पिवळी. बायकोला सगळी सारखीच दिसतात. त्यामुळे खोका आधी गाडीच्या डिकीत, मग गॅरेजात आणि मग तिची ऑनलाइन मीटिंग चालू असताना तळघरात. "हे नवं का?" "छे गं, जुनंच आहे." पण बायको ऑडिटर आहे. तिला इंजिनातलं काही कळत नाही, आकड्यांतलं सगळं कळतं. एकदा ती कपडे वाळत घालायला खाली आली, फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "इथे ८४४ होतं आणि ३९८५ होतं. हे ४०१४ कुठून आलं?"

आता ४०१४ कुठून आलं हे ऑडिटरला कसं सांगायचं? ४०१४ म्हणजे बिग बॉय, वाफेचं अवाढव्य इंजिन. चाकांची रचना ४-८-८-४, म्हणजे पुढून मागे चार, आठ, आठ आणि चार चाकं. अल्को या इंजिनं बांधणाऱ्या कंपनीच्या स्केनेक्टडीच्या कारखान्याने १९४१ ते ४४ या काळात अशी पंचवीस बांधली. टेंडरसकट, म्हणजे कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्यासकट, लांबी १३२ फूट, वजन बारा लाख पौंडांच्या घरात. त्यातलं एक, ४००५, आमच्या डेन्व्हरच्या संग्रहालयात छपराखाली निवांत उभं आहे. आणि ४०१४? ते तर युनियन पॅसिफिकने कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयातून उचलून वायोमिंगमधल्या शायेनला आणलं, वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलं आणि २०१९ मध्ये, अमेरिकेच्या आरपार रेल्वेला दीडशे वर्षं झाली त्या सोहळ्यात, वाफेवर पळवून दाखवलं. खऱ्या कंपनीला मोह आवरला नाही, तिथे मी कोण? शिवाय बारा लाख पौंडांना ८७ ने तीनदा भागलं की दोन पौंडही भरत नाहीत. एवढंसं तर आहे! हा हिशेब मी बायकोला करून दाखवला. तिने किंमतीला ८७ ने भागून बघायला सांगितलं.

आता चालवण्याचा आजार. हा खरा छळवादी.

लहानपणी खेळण्यातल्या गाडीला किल्ली दिली की प्रश्न मिटत असे. या गाडीला वीज लागते आणि ती रुळांतून चाकांवाटे वर चढते. म्हणजे रुळावर धुळीचा पापुद्रा बसला, चाकाला काजळी धरली की इंजिन थबकलं. आजकाल प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची चकती असते. तिला पत्ता द्यायचा, म्हणजे एकाच रुळावरची चार इंजिनं चार वेगळे हुकूम पाळतात. तीच चकती आवाजही काढते: घंटा, भोंगा, ब्रेकची किंचाळी. त्यामुळे हल्लीचं इंजिन गप्प बसून बंद पडत नाही. धुळीच्या कणावर अडकतं, घशातल्या घशात गुरगुरतं, पुन्हा चालू होण्याचा सगळा सोपस्कार पहिल्यापासून करतं, दोन इंच जातं आणि पुन्हा अडकतं. फाटकाचा भोंगा तर इथल्या नियमाप्रमाणे वाजतो: दोन लांब, एक आखूड, एक लांब. बायकोच्या ऑफिसातल्या लोकांना तो आता तोंडपाठ आहे. आम्ही रेल्वे लाइनीला लागून स्वस्तात घर घेतलंय, अशी त्यांची समजूत आहे आणि तिने ती दुरुस्त केलेली नाही.

उपाय एकच. रूळ पुसणे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडकं आणि गुडघे. कोलोरॅडोची हवा इतकी कोरडी की लाकूड आक्रसतं, त्याच्यावरचे रूळ एकमेकांना ढकलतात आणि काल सरळ असलेला सांधा आज पाठीत बाक काढून बसलेला असतो. मी मोठ्या हौसेने युनियन पॅसिफिकचा अध्यक्ष व्हायला निघालो होतो. नेमणूक गँगमन म्हणून झाली.

त्यात बोगदा. डेन्व्हरच्या पश्चिमेला रॉकी पर्वत फोडून काढलेला मोफाट बोगदा १९२८ साली सुरू झाला. लांबी सहा मैलांहून थोडी जास्त. ८७ ने भागलं तरी पावणेचारशे फूट होतात. म्हणजे माझा बोगदा शेजारचं आणि त्याच्या शेजारचं अंगण ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर निघाला पाहिजे. सोसायटीची परवानगी मिळण्यासारखी नव्हती. म्हणून माझा मोफाट भिंतीतून घर तापवणाऱ्या भट्टीच्या कपाटात शिरतो, तिथे अंधारात वळसा घेतो आणि परत येतो. गाडी बंद पडायची ती नेमकी त्या कपाटात. बाहेर पंचवीस फूट सपाट मोकळा रूळ पडलाय, तिथे कधी पडणार नाही. मग मी हिटरच्या नळाखाली पालथा झोपून हात लांबवतो आणि ज्या डब्याला बोट लागतं तो सोडून बाकीचे सगळे घसरतात.

पाहुण्यांसमोर गाडी चालत नाही हा तर निसर्गनियम आहे. आदल्या रात्री एकट्याने बसलो तर बिग बॉय पन्नास डबे घेऊन मुकाट फेऱ्या मारतं. पाहुणे जिना उतरले की पहिल्याच वळणावर त्याचं लांबलचक धूड रुळाबाहेर झुकतं आणि फलाटावरच्या प्लॅस्टिकच्या प्रवाशांना आडवं करतं. अशा वेळी मी लेलंड स्टॅनफर्डचं स्मरण करतो. १० मे १८६९ ला युटामध्ये प्रोमोंटरी समिट इथे दोन्हीकडचे रूळ एकत्र आले तेव्हा शेवटचा खिळा ठोकायचा मान त्यांचा होता. सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष, एवढी गर्दी, हातोडा उचलला आणि नेम हुकला, असं सांगतात. फरक इतकाच की त्यांच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे पाहुणे म्हणतात, "असू दे, वर चहा झालाय."

गणपतीत मात्र सुटका नसते. मखराभोवती गाडी फिरलीच पाहिजे असा पोरांचा हट्ट. बिग बॉयला तेवढं छोटं वळण घेता येत नाही, म्हणून सांता फेचं लाल-रुपेरी डिझेल काढलं. एका उघड्या वाघिणीवर मोदक ठेवला. तो मापाने एखाद्या डोंगराएवढा झाला. आरती संपेपर्यंत धूप, कापूर आणि तुपाचा हात लागून रुळांची जी दशा झाली ती धुवायला मला दसरा उजाडला.

अशात सहा महिन्यांच्या मुक्कामाला सासरे आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना मध्य रेल्वेतून पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर, म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि मुकादम यांच्यापलीकडे जगात काही असतं यावर त्यांचा फारसा विश्वास नाही. मी त्यांना कौतुकाने इंजिनं दाखवू लागलो. त्यांनी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. चष्मा वर केला, गाल टेबलाला टेकवला, एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघितलं आणि विचारलं, "जावईबापू, शेवटचं पॅकिंग कधी झालं?" पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली खडी ठासणं.

मग पट्टी मागवली. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. पाकिटाच्या पाठीवर ८७ ने गुणलं, १४३५.५ आलं. इथलं गेज १४३५. "अर्धा मिलिमीटर जास्त आहे. ठीक. टॉलरन्समध्ये बसतं." माझ्या लग्नाला त्यांनी इतक्या मोकळेपणाने होकार दिल्याचं मला आठवत नाही.

चढ मात्र पास झाला नाही. माझा चढ तीन टक्के, म्हणजे ३३ फुटांत एक फूट. बोरघाटात ३७ ला एक. "आमच्या घाटापेक्षा उभा! आणि बँकर कुठंय? आम्ही कर्जतला मागून इंजिनं लावल्याशिवाय गाडी सोडत नाही." सांता फेच्या रॅटन खिंडीत साडेतीन टक्के चढ होता आणि तिथेही मदतीची इंजिनं लागत, हे मी सांगितल्यावर सांता फेविषयी त्यांचं मत जरा बरं झालं. इंजिनांपैकी फक्त एक त्यांनी हातात घेतलं: सदर्न पॅसिफिकचं कॅब-फॉरवर्ड, ज्याची केबिन पुढे आणि धुराडं मागे. ते असं का, हे मी सांगायच्या आत म्हणाले, "बोगद्यात धूर ड्रायव्हरच्या नाकात जात असणार." बरोबर. सिएरा नेवाडातले बोगदे आणि बर्फापासून बचावाला बांधलेल्या मैलोन्‌मैल लाकडी छपऱ्या, त्यात माणसं गुदमरत. "आणि तेलावर चालत असणार. कोळसा असता तर फायरमन टेंडरपासून फावडं घेऊन पळत पुढे आला असता काय?" तेही बरोबर. हेच समजायला मला एक जाडजूड पुस्तक विकत घ्यावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून खातं त्यांच्या ताब्यात गेलं. माझ्या ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीची पुश ट्रॉली झाली, नातू ट्रॉलीमन. नाना हातात लाल बावटा धरून टेबलाच्या कडेकडेने तपासणीला निघत. वळणावर बाहेरचा रूळ उचलला पाहिजे म्हणून माझी व्हिजिटिंग कार्डं कापून त्याखाली सरकवली. सांध्यांवर नवी खडी टाकून पातळ डिंकाने बसवली. वेगाची मर्यादा ठरवून कॉशन ऑर्डर काढली आणि मी ती सही करून घेतल्याशिवाय कंट्रोलरला हात लावायचा नाही असं ठरलं. मोफाट बोगद्यात रात्रपाळीचा गँगमन म्हणून मीच.

गाडी इतकी सुरेख चालू लागली की विचारू नका. चालू लागली म्हणजे चालली असती. नानांच्या मते कुठल्याही लाइनीवर गाड्या चालवणं हे दुय्यम काम. त्या मधे मधे येतात.

परवा रविवारी मंडळातली दोन कुटुंबं मुद्दाम रेल्वे बघायला आली. मुलांनी येतानाच बिग बॉय, बिग बॉय असा घोष लावलेला. बऱ्याच महिन्यांनी मला आत्मविश्वास होता. मी कॉलर ताठ करून जिन्याचं दार उघडलं, तर पायरीवर नाना, हाताला डिंक, मागे बावटा घेतलेला ट्रॉलीमन.

"आज गाडी नाही," नाना म्हणाले. "अकरा ते चार मेगाब्लॉक."

मी पाहुण्यांची माफी मागायला वळलो. पण पाहुणे डोंबिवलीचे. नवऱ्याने निमूटपणे घड्याळात बघितलं. बायको पर्स खांद्यावर घेत म्हणाली, "स्लोवर की फास्टवर?"