मिस्त्रींच्या दोन बोटांसाठी एक शब्द

गेल्या रविवारी बेळगावहून भाच्याचा फोन आला. टिळकवाडीतल्या एका वाचनालयात त्याला शोध आणि अपघात यावर मराठीतून बोलायचं आहे. "मामा, माणसानं केलेलं यंत्र त्याच्यावरच उलटलं तर त्याला मराठीत एक शब्द काय ओ? सांगा की."

मी चटकन "भस्मासुर" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवला आणि तो शब्द बोचायला लागला.

भस्मासुर मुळातच असुर आहे. वर मिळताच तो वर देणाऱ्या शंकराच्या मागे लागतो आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून जळतो. त्याचं जळणं ऐकताना आपल्याला बरं वाटतं, कारण ती शिक्षा असते. शिवाय महागाईचा भस्मासुर, प्लास्टिकचा भस्मासुर असं वाचून वाचून या शब्दाची धारही गेली आहे.

मी बर्लिनच्या दक्षिणेला राहतो. इथल्या लिश्टरफेल्डे भागात एक टेकडी आहे. ओटो लिलिएंथालने १८९४ साली ती मुद्दाम रचून घेतली, स्वतःच्या ग्लायडरवरून, म्हणजे बिनइंजिनाच्या पंखांवरून, झेपा घेण्यासाठी. त्याने दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्या असतील. ९ ऑगस्ट १८९६ रोजी बर्लिनच्या वायव्येला, श्टोल्न गावाजवळच्या डोंगरावर ग्लायडरचा तोल गेला, तो खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. आज त्या टेकडीवर त्याचं स्मारक आहे. मुलं तिथे पळत वर जातात. त्याच्या मरणाची बातमी अमेरिकेत राइट बंधूंनी वाचली आणि त्यांना प्रश्न पडला, हवेत तोल सांभाळायचा कसा? लिलिएंथाल स्वतःचं शरीर इकडेतिकडे झुकवून तोल सावरायचा. राइट बंधूंनी पंखांनाच पीळ देण्याची युक्ती काढली आणि १९०३ साली इंजिनाचं विमान उडवलं. या माणसाला भस्मासुराच्या रांगेत कसं बसवायचं?

थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाचं मात्र वेगळं आहे. पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची कल्पना त्याचीच. शिशाची बाधा त्याला स्वतःला झाली होती, कामगार दगावले होते, तरी तो ते निर्धोक असल्याचं सांगत राहिला. आपल्या देशात ते पेट्रोल २००० सालापर्यंत विकलं जात होतं. पोलिओने अंथरुणाला खिळल्यावर त्याने उठून बसण्यासाठी दोर आणि कप्प्यांची जोडणी केली आणि १९४४ साली त्याच दोरांत गळा आवळून तो मेला. शिशाच्या पेट्रोलला मी भस्मासुर म्हणेन. अंथरुणावरच्या दोराला म्हणवत नाही. अपंग माणसाची उठून बसायची धडपड होती ती.

हे लिहिताना डोळ्यांसमोर येतात ते आमचे मिस्त्री. जर्मनीला येण्याआधी मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला होतो. पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रात, म्हणजे प्रेसमध्ये, तो सरकवताना पोरांना फार वाकावं लागतं, म्हणून मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी बसून पायाने चालणारी एक जोडणी केली. महिनाभर ती झकास चालली. मग एके दिवशी नको तेव्हा प्रेस खाली आली आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आम्ही सगळे काय म्हणालो? "केलं तसं भोगलं." मीही म्हणालो. मालकाने ती जोडणी भंगारात टाकली, प्रेस होती तशीच सुरू राहिली आणि पोरं पुन्हा वाकायला लागली.

बुधवारी भाच्याचा परत फोन आला. त्याच्या वर्गातल्या कन्नड मैत्रिणीने त्याला 'तिरुगुबाण' हा शब्द दिला होता. तिरुगु म्हणजे फिरणं, उलटणं. सोडणाऱ्यावरच परत येणारा बाण. कन्नड वर्तमानपत्रांत तो नेहमी येतो. भाचा खूश होता, पण घरी तात्या भडकले होते. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालणारा माणूस तो. "दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लिहायला लावतात ते कमी आहे का? आता वाचनालयात पण?"

तात्यांचा राग मला परका नाही. बेळगाव कर्नाटकात गेलं त्याची, १९५६ पासूनची सल आहे ती, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला सीमाप्रश्नाचा दावा अजून सुटलेला नाही. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळावा, असं इतक्या लांबूनही मला मनापासून वाटतं. पण पाटी नियमाने लावावी लागते आणि शब्द एका मैत्रिणीने आपण होऊन दिला आहे. तात्यांच्या ताटातलं तूप कानडीतूनच आलंय, आणि थोरल्या बहिणीला ते अक्का म्हणतात तेही.

माझी अडचण बाणाची आहे. बाण कुणावर तरी नेम धरून सोडतात. लिलिएंथालने कुणावर नेम धरला होता? मिस्त्रींनी?

म्हणून भाच्याला म्हटलं, त्या शब्दाची घडण घे, बाण तेवढा बदल. आपल्याकडे 'कळ' आहे. कळ म्हणजे यंत्राची खटकी, आणि कळ म्हणजे हात चेमटल्यावर मस्तकात जाते ती वेदनाही. उलटकळ. "लिलिएंथालचं ग्लायडर ही त्याची उलटकळ ठरली." या वाक्यात कुणाला शिक्षा होत नाही, आणि कळ का उलटली, हे विचारायला जागा राहते.

तात्यांना हा शब्द चालला. त्याची घडण कानडी आहे हे भाषणात सांगायचं, असं मी भाच्याकडून कबूल करून घेतलंय.

दिवाळीला येईन तेव्हा शहापूरला मिस्त्रींच्या घरी जाणार आहे. त्या दिवशी प्रेस खाली का आली, हे त्यांना नक्की ठाऊक असणार. आमच्यापैकी कुणी ते विचारलंच नव्हतं.