नाटकाच्या तालमीत नेमकं काय शिकलं जातं?

नमस्कार. तुमचा आक्षेप सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबेल. तुमचं म्हणणं असं, की शाळा सुटलेल्या, व्यसनाच्या किंवा गुन्ह्याच्या वाटेवर असलेल्या मुलांना नाटक-चित्रकला शिकवणं हे कार्यकर्त्यांचं समाधान आहे. त्यांना हवंय ते हाताला काम.

काम हवंच. पण अशा मुलांना मिळालेलं काम पुष्कळदा सुटतं ते हातात कसब नाही म्हणून नव्हे. वरिष्ठ चारचौघांत बोलतो, डोकं फिरतं आणि मुलगा निघून जातो. तो राग गिळायचा की योग्य शब्दांत मांडायचा, हे त्याला कुणी आणि कधी शिकवलं? जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत भावना हाताळणं, ताण पेलणं आणि निर्णय घेणं आहे. ही कौशल्यं व्याख्यानातून येत नाहीत, सरावाने येतात. आणि चुकलं तरी नोकरी जाणार नाही अशी सरावाची जागा लागते.

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात घडवलेल्या फोरम थिएटरमध्ये ती जागा आहे. अन्यायाचा एक प्रसंग सादर होतो आणि त्याचा शेवट वाईट होतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. या वेळी प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ म्हणून अन्याय सोसणाऱ्या पात्राची जागा घेऊ शकतो. समोरचा नट सहजासहजी नमत नाही. हात उगारून पाहिला, फसला. विनवणी केली, तीही फसली. मग तिसरा कुणीतरी वेगळंच काही बोलून बघतो. उत्तर ताई-दादा देत नाहीत, मुलं शोधतात. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते पुन्हा सुरू करण्याची मुभा. या मुलांना ती फार क्वचित मिळालेली असते.

पुरावा मागितलात, रास्त आहे. व्हेनेझुएलात 1975 साली सुरू झालेल्या ‘एल सिस्तेमा’ या वाद्यवृंदाच्या उपक्रमाचा अभ्यास सोडतीने प्रवेश देऊन झाला आहे, सुमारे 2,900 मुलांवर. वर्षभरात आत्मनियंत्रण थोडं वाढलं आणि वर्तनाच्या अडचणी थोड्या घटल्या. हिंसेची झळ लागलेल्या मुलग्यांत हा फरक जास्त दिसला. बौद्धिक क्षमतेत एकंदर फरक आढळला नाही. म्हणजे संगीताने मुलं हुशार होतात हा दावा मी करणार नाही. स्वतःला आवरायला थोडी मदत होते, एवढं म्हणेन.

एका मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. तीन दिवसांचं शिबिर, पाहुण्यांसमोर कार्यक्रम, फोटो आणि मग सगळे गायब, यापेक्षा काहीच न केलेलं बरं. सोडून गेलेल्या मोठ्यांच्या यादीत आणखी एकाची भर कशाला? निधी कमी असेल तर मुलं कमी घ्या, पण तालीम दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी होऊ द्या आणि शिकवणारा माणूस बदलू नका. काम शिकवणारा वर्गही त्याच इमारतीत भरवता आला तर उत्तमच; त्यासाठी तालीम बंद करायची गरज नाही.