डायरीतला लाल शेरा

पुण्यातल्या जनता वसाहतीत आमची संध्याकाळची अभ्यासिका चालते. परवा सहावीतल्या एका मुलाची आई त्याची शाळेची डायरी घेऊन आली. लाल शाईत इंग्रजी शेरा होता : घरी रोज सराव करून घ्या. मी वाचून सांगितलं. चार घरची धुणीभांडी करून ही बाई सातला घरी पोचते. म्हणाली, "मी चौथीतनं शाळा सोडली ओ ताई. मी काय सराव घेऊ?"

मुलगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्क्यांतला. सोडतीत नंबर लागला तेव्हा तिनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

तो शेरा माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या लहानपणी भिंतीवर नकाशा होता, घरात वर्तमानपत्र यायचं, अडलेलं गणित वडील सोडवून द्यायचे. शाळेत मला हुशार म्हणायचे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. घरातली भाषा, पुस्तकं, शिक्षकांशी बिनधास्त बोलायची सवय, हे सगळं शाळा गृहीत धरते. शिकवत नाही, पण मार्क मात्र त्यावरच देते. मग ते मार्क त्या पोराची लायकी ठरतात. मला हा सरळ अन्याय वाटतो.

प्रवेशाची लढाई तरी कुठं संपलीय? एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा बदल राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. जुलैत उच्च न्यायालयानं तो रद्द केला, म्हणून वाचलो.

आणि आठवीनंतर? कायदा ६ ते १४ वयापुरता. नववीत त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं मागणी केली होती की निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, हेही त्यांनी तिथंच सुनावलं. २००९ चा कायदा त्याच्या पुढं फक्त दोन वर्षं सरकलाय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते १८ वयाची भाषा आली, पण कायद्यातलं वय तसंच आहे. भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली, त्याच शहरात चौदाव्या वर्षी पोराच्या हातात फीची पावती देणं मला सहन होत नाही. हक्क दहावीपर्यंत, निदान, वाढायलाच हवा. आणि सराव शाळेतच, शाळेच्या वेळेत व्हायला हवा.

त्या शेऱ्याखाली मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं, 'घरी सराव घेणारं कोणी नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याला बसवून घ्याल का?' तिनं खाली सावकाश, एकेक अक्षर काढत, सही केली. जाताना बोटांवर मोजून म्हणाली, "आठवीला अजून दोन वर्षं हायेत."