स्कॉटलंडमधल्या हायलँड्सचे डोंगर मुळातच बोडके नव्हते

‘स्कॉटलंडच्या डोंगरांवर कधी जंगल नव्हतंच, ‘ट्रीज फॉर लाइफ’ संस्था ते उगाच लादतेय,’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. तिथल्या पीटच्या (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरांत हजारो वर्षांपूर्वीच्या पाइनचे बुंधे आजही सापडतात. हवा ओलसर होत गेल्यानं काही जंगल आपसूक ओसरलं, हे खरं. पण बाकीचं तोडीनं आणि चराईनं गेलं. लांडगे संपले, लाल हरणं वाढली. कोवळं रोप दिसलं की खाल्लं जातं. रोपांभोवतीची कुंपणं त्यासाठीच.

आणि संस्थेनं 2008 मध्ये घेतलेल्या डंड्रेगनच्या जमिनीवर स्कॉट्स पाइन, बर्च, रोवन अशी तिथलीच झाडं लावली जातात. लाकडासाठी रांगेत वाढवलेला सिटका स्प्रूस वेगळा, तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. कृपया दोन्हींची गल्लत करू नका.