झाड लावायच्या आधी तिथल्या लोकांना विचारा

दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फोटो येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच खड्ड्यात वाळलेली काडी उभी असते. मग म्हणायचं की लोकांनाच आस्था नाही. मला हे अजिबात पटत नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटला 2011 ते 2014 मध्ये एका संस्थेने घरासमोर फुकट झाडं लावून द्यायचं ठरवलं तर साधारण चारातल्या एकाने चक्क नको म्हणून सांगितलं. नंतर अभ्यास झाला तेव्हा कळलं की झाडांचा राग वगैरे काही नव्हता, कुठलं झाड लावायचं हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि उद्या पानं साचली, फांदी पडली, मुळांनी फुटपाथ उचलला तर निस्तरायचं आपल्यालाच, हे त्यांना आधीच्या अनुभवावरून पक्कं माहीत होतं. मला तरी त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

आणि नवीन झाडाचं खरं काम लावल्यानंतरच सुरू होतं ना. पहिले दोन-तीन उन्हाळे मुळं लांब गेलेली नसतात, त्यामुळे पाणी बुंध्याजवळ, हळूहळू, मुरेल असं द्यावं लागतं, भसकन ओतलं की अर्धं रस्त्यावर जातं. ट्री गार्डचंही तेच, रोप बारीक असताना लावलेली लोखंडी जाळी नंतर कोणी काढत नाही, खोड जाड होत जातं आणि ती सालीत रुतते. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून, तोच आवळला गेला की वरून हिरवं दिसणारं झाड खालून उपाशी मरतं. हे कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, रोज तिथून जाणाऱ्या माणसालाच दिसतं, फक्त त्याने कोणाला सांगायचं हे ठरलेलं पाहिजे.

मेलबर्नने 2013 च्या सुमारास झाडांना नंबर आणि ईमेल दिले, तुटलेल्या फांद्या वगैरे कळवायला, तर लोकांनी झाडांना प्रेमाची पत्रं लिहिली! म्हणजे माया असतेच हो, तिला फक्त वाट करून द्यावी लागते.

पण लोकसहभाग म्हणजे पालिकेने हात झटकायचे असंही नको. मोठ्या फांद्या छाटणं शिकलेल्या माणसाचंच काम आहे, आणि जिथे लोक दोन-दोन शिफ्ट करतात तिथे पाणी घालायला पगारी माणूस द्या. रोपांच्या बजेटमध्येच तीन वर्षांच्या पाण्याचे पैसे धरा, आणि खड्डा खणायच्या आधी समोरच्या घरांना विचारून झाड ठरवा.