स्निपेट पुसून अलायस लावा म्हणे!

“शेल स्क्रिप्ट लिहिताना स्निपेट आणि शॉर्टफॉर्म बंद करा, त्याऐवजी अलायस लावा” असा पाच मुद्द्यांचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे त्याच्यासाठी कमांड लिहिलेली फाइल. स्निपेट आणि शॉर्टफॉर्म म्हणजे दोन-चार अक्षरं टाइप केली की एडिटर भरतो तो तयार मजकूर, तर अलायस म्हणजे शेलमध्ये लांब कमांडला दिलेलं छोटं नाव. दुर्लक्ष केलं असतं, पण तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. तिने विम या एडिटरमधले सगळे शॉर्टफॉर्म पुसले, सांगितल्याप्रमाणे अलायस केले आणि रात्रीच्या बॅकअपची वाट लागली. सकाळी फोन: “दादा, टर्मिनलवर तर चालतंय!”

म्हणून आधी तोच मुद्दा. “एडिटरमधला शॉर्टफॉर्म आणि अलायस एकच.” साफ खोटं. शॉर्टफॉर्म टाइप करतानाच उलगडतो, फाइलमध्ये पूर्ण कमांड उरते. अलायस उलगडायचा तो शेलने, आणि स्क्रिप्ट चालवताना बॅश हा शेल ते आपणहून करतच नाही! बॅशच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल (म्हणजे समोर बसून कोणी कमांड टाइप करत नसेल) तर अलायस उलगडत नाहीत, त्यासाठीचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तिथेच हेही आहे की जवळपास प्रत्येक कामाला अलायसपेक्षा फंक्शन (नाव दिलेला कमांडचा संच) बरं. बहिणीच्या स्क्रिप्टमध्ये फायलींची प्रत करणाऱ्या आरसिंक कमांडच्या लांबलचक ओळीजागी अलायस आला होता. ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनमधून चालताना शेल “कमांड नॉट फाउंड” म्हणालं आणि पुढच्या ओळीवर गेलं. पुढची ओळ जुन्या प्रती पुसायची होती. नवी प्रत झाली नाही आणि जुन्याही गेल्या. असला सल्ला बेधडक फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो एकदा तरी चालवून बघितला होता का?

“स्निपेटमुळे सिंटॅक्स विसरतो.” माझ्याकडे एक आहे: चार अक्षरं आणि स्पेस, की दोन ओळी येतात. एमकेटेम्प कमांडने तात्पुरती डिरेक्टरी आणि बाहेर पडताना ती पुसणारा ट्रॅप, व्हेरिएबलभोवतीच्या दुहेरी अवतरणचिन्हांसकट. घाईत हाताने लिहिताना नेमकी हीच चिन्हं सुटतात, आणि मग नावात स्पेस असलेली एक फाइल पुसणाऱ्या आरएम कमांडला दोन फायली वाटते. सिंटॅक्स येतो म्हणूनच तर स्निपेट लिहिता आला.

“नको तिथे उलगडतो.” विममध्ये साधा शॉर्टफॉर्म शब्दाच्या मधोमध उलगडत नाही. एखाद्या वेळी नकोच असेल तर स्पेसआधी कंट्रोल-व्ही दाबा. “एडिटर बदलला की सगळं वाया.” युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठीच्या पॉझिक्स मानकातल्या व्हीआय एडिटरमध्ये ही सोय आहे, ईमॅक्समध्येही आहे. पुढे चला.

“एक चुकीचा स्निपेट सगळीकडे चूक पसरवतो.” हे अर्धं मान्य करावं लागतं. अनेकजण स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी ओळ) चिकटवून निर्धास्त होतात, पण इफच्या अटीत फसलेल्या कमांडवर ते थांबत नाही. शिवाय स्निपेट सुधारला तरी आधी उलगडलेल्या फायली तशाच राहतात. दहा ओळींचं लॉजिक असेल तर फंक्शन करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि सोर्स करा, म्हणजे स्क्रिप्ट ती फाइल चालताना वाचून घेते. शॉर्टफॉर्म छोट्या, ठरलेल्या ओळींसाठी.

बहिणीचे शॉर्टफॉर्म गिटमध्ये (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) होते, ते परत आणले. आरसिंकची ओळ तिने पुन्हा पूर्ण लिहिली, आणि पुसण्याची कमांड आता तिच्यापुढे && लावून जोडली आहे, म्हणजे प्रत नीट झाली तरच पुसणं होईल.